हवा किती? आधी ओझे सांगा!

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर पंक्चर काढण्याचे एक लहानसे दुकान आहे. संध्याकाळी एस.टी.ची वाट पाहत मी तेथे उभा असतो. त्या दुकानात रोज एकच संवाद पुन्हा पुन्हा कानांवर पडतो. गाडी येऊन थांबते. पोऱ्या हवेची नळी घेऊन पुढे होतो आणि विचारतो, "किती भरू?" गाडीवाला खिडकीतूनच सांगतो, "भर नेहमीची." हवा भरली जाते, गाडी निघून जाते. हौदा रिकामा असो की काठोकाठ भरलेला असो, हवा आपली 'नेहमीची'!

विद्यार्थी मित्रहो, या 'नेहमीची' शब्दाशी माझे भांडण आहे. मोटारीत चारपाच माणसे बसतात, त्यामुळे तिचे वजन फार बदलत नाही. तेथे 'नेहमीची' हवा एक वेळ चालून जाईल. पण पिकअपची गोष्ट वेगळी. ती सकाळी रिकामी असते आणि दुपारी तिच्या पाठीवर टनभर माल असतो. तिला एकच हवा कायमची ठरवून देणे म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाला आणि पोते उचलणाऱ्या हमालाला एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी जुन्नर तालुक्यातून टोमॅटो घेऊन वाशीच्या बाजारात जातो. गाडी त्याची स्वतःचीच. एका मे महिन्यात तो तिसऱ्या प्रहरी माल भरून निघाला आणि तासाभरात त्याचा मागचा डावा टायर फुटला. गाडी कलंडता कलंडता राहिली. कुणाला इजा झाली नाही, पण निम्मे क्रेट रस्त्यावर सांडले. पुढे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, उन्हाळा म्हणून मी हवा कमीच ठेवली होती. तरी टायर फुटला!"

मी म्हणालो, "अरे, 'तरी' काय म्हणतोस? बहुधा 'म्हणूनच' फुटला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. या मुलाने वायूंचे नियम माझ्याच वर्गात शिकले होते आणि परीक्षेत त्यांवरचे उदाहरणही अचूक सोडवले होते. मग चूक कोणाची? मला वाटते, त्याची कमी आणि आम्हा शिक्षकांची अधिक. आम्ही सूत्र फळ्यापर्यंत नेतो. फाटकासमोरच्या दुकानापर्यंत नेत नाही. ती वीस पावले आज आपण चालून पाहू.

ओझे कोण पेलते?

रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. त्या काळी त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तशीच धाव तयार केली आणि मग ती जगभर पसरली. या दोघांची कल्पना एकच होती: ओझे रबराने पेलायचे नाही, कोंडलेल्या हवेने पेलायचे. रबर आणि त्यातले धागे ही केवळ हवेची पिशवी. हवा काढून घेतली की तोच जाड टायर रिमखाली कसा चेंगरतो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

आता एक प्रश्न विचारतो. उत्तर वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करा. रिकाम्या पिकअपच्या टायरमधला दाब मोजला. मग हौद्यात टनभर माल भरला आणि दाब पुन्हा मोजला. तो किती वाढेल?

माझ्या वर्गात बहुतेक मुले सांगतात, "दुप्पट." त्यांच्या डोळ्यांपुढे दट्ट्या आणि नळकांडे असते. दट्ट्या दाबला की हवेचे आकारमान घटते आणि दाब वाढतो. पण टायर म्हणजे दट्ट्या नव्हे. ओझे आले की त्याचा तळाकडचा भाग थोडा चपटा होतो. बाकीचा टायर जसाच्या तसा गोल राहतो. आतल्या हवेचे एकूण आकारमान जेमतेम बदलते आणि म्हणून दाबही जेमतेमच वाढतो.

मग वाढलेले ओझे पेलले कसे जाते? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दाब तोच राहिला आणि बल वाढले, तर क्षेत्रफळ वाढलेच पाहिजे. टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती अधिक वाकतात. सारा मुद्दा येथे आहे. ओझे वाढले म्हणून टायर आपल्या अंगातला दाब आपण होऊन वाढवत नाही. ते काम माणसाने करायचे असते. माणसाने ते केले नाही, तर त्याची किंमत टायरच्या भिंती मोजतात.

दोन पोस्टकार्डांवर टनभर वजन

थोडे आकडे मांडू. ते उदाहरणापुरते धरलेले आहेत. कोणत्याही विशिष्ट गाडीचे नाहीत.

समजा, चालकासह रिकाम्या पिकअपचे वजन १,७०० किलो आहे. इंजिन पुढे असल्याने पुढच्या दोन चाकांवर मिळून ९०० आणि मागच्या दोन चाकांवर ८०० किलो येतात. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ४५० आणि मागच्या प्रत्येक चाकावर ४०० किलो. आता हौद्यात टोमॅटोचे ६० क्रेट ठेवले. एक क्रेट २० किलोचा धरला तर माल झाला १,२०० किलो. हौदा जवळजवळ मागच्या आसावरच असतो. म्हणून यातले सुमारे १,१०० किलो मागे जातात आणि १०० किलो पुढे. पुढच्या चाकावरचे ओझे ४५० वरून ५०० वर गेले. मागच्या चाकावरचे मात्र ४०० वरून ९५० वर!

पुढे जेमतेम नववा हिस्सा वाढ आणि मागे दुपटीहून अधिक. गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी पुढच्या चाकांच्या आकड्यांत फरक थोडा किंवा मुळीच नसतो, पण मागच्या चाकांच्या आकड्यांत तो मोठा असतो, त्याचे कारण हेच. पुस्तिका लिहिणाऱ्याने तुमच्याच इयत्तेतले गणित केलेले असते.

आता जमिनीवर किती जागा टेकते ते पाहू. दुकानात हवा 'पौंडात' मोजतात, म्हणजे एका चौरस इंचावर इतके पौंड. आपल्या पुस्तकात दाब पास्कलमध्ये असतो. १०० किलोपास्कल म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड. ३० पौंड म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.१ किलो आणि ६० पौंड म्हणजे सुमारे ४.२ किलो.

मागच्या चाकात ६० पौंड हवा आहे आणि त्यावर ९५० किलो ओझे आहे. ९५० भागिले ४.२ म्हणजे सुमारे २२६ चौरस सेंटिमीटर. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. जवळजवळ टनभर ओझे दोन पोस्टकार्डांहूनही कमी जागेवर उभे आहे!

आता त्याच ओझ्याखाली हवा ३० पौंडच असली तर? ९५० भागिले २.१ म्हणजे ४५२ चौरस सेंटिमीटर. टायरची रुंदी काही वाढत नाही. नक्षीची रुंदी १५ सेंटिमीटर धरली, तर जमिनीवर टेकलेल्या भागाची लांबी १५ सेंटिमीटरवरून ३० वर जाते. प्रत्यक्षात टायरच्या भिंतीही थोडे ओझे उचलतात, त्यामुळे हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण दिशा हीच असते. टायर जमिनीवर लोळू लागतो.

रबर तापते कशाने?

लोळला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. उभ्या गाडीचे फारसे बिघडत नाही. धावत्या गाडीचे बिघडते.

टायरचा प्रत्येक भाग चाकाच्या एका फेऱ्यात एकदा जमिनीवर येतो, वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे २.२ मीटर. एका किलोमीटरला साडेचारशे फेरे झाले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या टायरची भिंत मिनिटाला साडेचारशे वेळा वाकते आणि सरळ होते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात हे पंचेचाळीस हजार वेळा घडते.

लोखंडी तार एकाच जागी भराभर दहावीस वेळा वाकवा आणि तेथे बोट लावून पाहा. ती तापलेली लागेल. रबराचेही तसेच आहे. वाकवताना त्याला जितकी ऊर्जा द्यावी लागते तितकी सगळी ते सरळ होताना परत करत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. भिंत जितकी अधिक वाकेल तितकी उष्णता अधिक. शिवाय रबर हे उष्णतेचे मंदवाहक आहे, त्यामुळे आत निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. टायर तापत जातो, त्यातल्या धाग्यांची आणि रबराची पकड सैल होते आणि अखेर नक्षीची साल सुटते किंवा भिंत फाटते. बाहेरून मोठा आवाज येतो आणि आपण म्हणतो, "टायर फुटला." वस्तुतः तो गेले कित्येक किलोमीटर आतून भाजत आलेला असतो.

उन्हाळ्यातला उफराटा सल्ला

आता माझ्या विद्यार्थ्याच्या कोड्याकडे येऊ. "उन्हाळ्यात हवा तापून वाढते, म्हणून आधीच कमी भरावी," हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. यातला पूर्वार्ध खरा आहे, म्हणूनच उत्तरार्धावर लोकांचा विश्वास बसतो.

गणित करू. आकारमान कायम असेल, तर वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. येथे दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे आणि दाबमापकाच्या आकड्यात वातावरणाचा दाब, म्हणजे १४.७ पौंड, मिळवायचा. कारण दाबमापक वातावरणापेक्षा जास्तीचा तेवढाच दाब दाखवतो.

सकाळी टायर थंड असताना तापमान २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्व्हिन आहे. दाबमापक ६० दाखवतो. खरा दाब झाला ७४.७. गाडी धावून आतली हवा ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनवर गेली. तापमान एकदशांशाने वाढले. दाबही तितकाच वाढून ८२.२ झाला. त्यातून १४.७ वजा केले की दाबमापक ६७.५ दाखवील. साडेसात पौंडांची वाढ!

ही वाढ पाहून गाडीवाला घाबरतो आणि हवा सोडून काटा पुन्हा ६० वर आणतो. रात्रीतून टायर थंड झाला की काय होते? ७४.७ गुणिले ३०० भागिले ३३० म्हणजे ६७.९, त्यातून १४.७ गेले की राहिले ५३.२. म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी सात पौंड कमी हवेने ओझे उचलणार. भिंती अधिक वाकणार, टायर अधिक तापणार, काटा पुन्हा चढणार आणि आपले शहाणे गृहस्थ पुन्हा हवा सोडणार. दाब वाढला ही तक्रार आणि हवा कमी करणे हा उपाय. पण हवा कमी असणे हेच जादा उष्णतेचे एक कारण. तहान लागली म्हणून मिठाचे पाणी पिण्यासारखा हा प्रकार आहे.

वस्तुतः पुस्तिकेतला आकडा थंड टायरसाठी असतो. धावताना दाब वाढणार हे धरूनच तो ठरवलेला असतो. तेव्हा मोजमाप सकाळी, गाडी काही तास उभी राहिल्यावर करायचे आणि तापलेल्या टायरमधली हवा सोडायची नाही. ऋतुमानाचा परिणाम होतो, हे खरे आहे. जानेवारीच्या पहाटे १२ अंश तापमानाला भरलेले ६० पौंड मेच्या सकाळी २७ अंशांना सुमारे ६४ होतात. अशा वेळी थंड टायर मोजून तो पुन्हा ६० वर आणणे अगदी योग्य. ऋतू बदलला की काटा तपासायचा. ठरलेला आकडा बदलायचा नाही.

आकडा कोणता धरायचा?

टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत बरेच काही लिहिलेले असते. त्यात जास्तीत जास्त ओझे आणि त्यासाठीचा दाब यांचे आकडे असतात. पुष्कळ लोक तोच आकडा भरायचा आकडा समजतात. पण टायर बनवणाऱ्याला आपला टायर कोणत्या गाडीला लागणार हे ठाऊक नसते. तो फक्त आपल्या टायरची मर्यादा सांगतो. गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत असतो. पुढची चाके, मागची चाके, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांनुसार तेथे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. भरायची हवा ती.

टायरच्या मापाशेजारी आणखी एक आकडा असतो. तो ओझ्याचा सांकेतिक क्रमांक. १०० म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५० आणि १०८ म्हणजे १,००० किलो. आपल्या उदाहरणातल्या गाडीला १०६ क्रमांकाचे टायर असतील, तर ६० क्रेटना मागचे टायर अगदी शेवटच्या मर्यादेवर आहेत. मालकाने मोहापायी ७५ क्रेट भरले तर? माल १,५०० किलो झाला. त्याच प्रमाणात मागे १,३७५ किलो गेले, म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर सुमारे १,०९० किलो. येथे कोणी म्हणेल, "मग हवा आणखी दहा पौंड वाढवू." नाही! मर्यादेच्या आतल्या ओझ्यासाठी हवा हा उपाय आहे. मर्यादेपलीकडच्या ओझ्याला हवेचे औषध नाही. पंधरा क्रेट खाली उतरवणे हाच त्यावरचा उपाय.

मग नेहमीच जास्त हवा का नको?

हुशार वाचक विचारील, "कमी हवा इतकी घातक असेल, तर कायम ६० पौंड भरून ठेवावी. कटकट मिटली!"

रिकाम्या गाडीचे गणित करा. ४०० भागिले ४.२ म्हणजे ९५ चौरस सेंटिमीटर. पाऊण पोस्टकार्ड! टायर मधोमध फुगतो आणि नक्षीच्या कडा जमिनीला नीट टेकत नाहीत. मधली नक्षी लवकर झिजते. ही झाली पैशाची गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पिकअपचे मागचे पाटे टनभर ओझ्यासाठी घडवलेले असतात. रिकाम्या हौद्याखाली ते फारसे लवत नाहीत. अशा वेळी खड्ड्याचा धक्का सोसायला टायरच काय तो मऊ उरतो. त्यालाही दगडासारखे कडक केले, तर मागचे चाक खड्ड्याखड्ड्याला उडते. उडालेल्या चाकाला रस्ता धरता येत नाही आणि त्याचा ब्रेकही लागत नाही. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर रिकाम्या पिकअपचा मागचा भाग का घसरतो, याचे एक कारण येथे आहे. तेच चाक ३० पौंडांवर आणले, तर सुमारे १९० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकते.

पण म्हणून ओझे निम्मे झाले की हवाही निम्मी, असा त्रैराशिकाचा हिशेब करू नका. किमान दाबाची एक मर्यादा असते. तिच्याखाली टायर रिमवर नीट बसत नाही आणि गाडी वळणावर डुलते. म्हणून छापील आकड्याच्या खाली जायचे नाही.

परदेशातला एक धडा

हे सारे कागदी गणित आहे असे वाटत असेल, तर अमेरिकेतली एक घटना सांगतो. फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर ही गाडी १९९० साली बाजारात आली. तिचा सांगाडा त्याच कंपनीच्या रेंजर या पिकअपच्या सांगाड्यावर आधारलेला होता. त्या गाडीला फायरस्टोन कंपनीचे टायर बसवत आणि फोर्डने हवा २६ पौंड ठेवण्यास सांगितले होते. पुढे वेगात धावणाऱ्या या गाड्यांच्या टायरची साल निघून अपघात होऊ लागले, विशेषतः उष्ण हवामानाच्या राज्यांत. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकेत या अपघातांशी जोडले गेलेले मृत्यू अडीचशेहून अधिक होते.

दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. एकीने टायरच्या कारखान्याकडे बोट दाखवले, दुसरीने गाडीच्या घडणीकडे आणि कमी हवेकडे. फायरस्टोनने पुढे ३० पौंड हवा ठेवण्याची शिफारस केली. टायरच्या घडणीतही दोष होते, ही गोष्ट मी झाकू इच्छित नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, कमी हवेत टायरच्या अंगी राखीव ताकद थोडी उरते. मग ओझे, ऊन, वेग किंवा घडणीतला दोष यांपैकी एखादी गोष्ट वर येऊन पडली, की ती पुरत नाही.

या प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील नव्या हलक्या गाड्यांत कमी हवेची सूचना देणारा दिवा सक्तीचा झाला. ठरलेल्या दाबाहून हवा एकचतुर्थांशाने कमी झाली की तो लागतो. चांगली सोय आहे. पण त्या दिव्याला हवा कळते. हौद्यात आज किती क्रेट आहेत, हे कळत नाही. तो विचार शेवटी चालकालाच करावा लागतो.

अडचणी खऱ्या आहेत

हे सारे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, तुमचं गणित पटलं. पण पहाटे चारला बाजारात माल उतरवल्यावर मी हवा सोडायची, आणि परत आल्यावर शेताच्या बांधावर माल भरताना मला हवा कोण देणार?"

प्रश्न रास्त आहे. हवा सोडायला खिळ्याचे टोक पुरते. हवा भरायला यंत्र लागते. व्यवहारात दोन्ही वेळी अचूक आकडा ठेवणे प्रत्येकाला जमणार नाही. मग कोणती चूक पत्करायची? माझे मत असे: रिकाम्या गाडीत हवा थोडा वेळ जास्त राहिली तर प्रवास खडबडीत होईल आणि नक्षी झिजेल, वेग कमी ठेवून, वळणावर जपून ते निभावता येईल. भरलेल्या गाडीत हवा कमी राहिली, तर मात्र चालकाच्या कौशल्याचा फार उपयोग नाही. तेव्हा चूक करायचीच असेल तर पहिली करावी, दुसरी कधीही नाही. बाजारातून त्याच दिवशी परतायचे असेल, तर भरलेल्या गाडीची हवा तशीच राहू द्यावी. गाडी आठवडाभर रिकामीच फिरणार असेल, तर घरी सकाळी थंड टायरमधली हवा छापील आकड्यावर आणावी आणि पुढच्या खेपेआधी पुन्हा भरावी. स्वतःचा लहानसा दाबमापक गाडीत ठेवावा, कारण दुकानातल्या काट्याने किती आदळआपट सोसली आहे, हे आपल्याला माहीत नसते. आणि स्टेपनीला विसरू नये. ती बहुधा मागच्याच चाकाच्या जागी जाणार असते.

शाळेने काय करावे?

आता माझे शेवटचे म्हणणे, आणि ते मुख्यतः माझ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी आहे. आपल्या प्रयोगशाळांत वायूंच्या नियमांसाठी काचेच्या नळ्या असतात. त्या असू द्याव्यात. पण त्यांच्याशेजारी टायरचा एक दाबमापकही असावा. एका वर्गाला एक पुरे.

त्याने पहिला प्रयोग सायकलवर करा. मागच्या चाकाच्या धावेला शाई लावा. गुळगुळीत फरशीवर आलेखाचा कागद ठेवून त्यावर चाक टेकवा. एका मुलाला सायकलवर स्थिर बसवा. दोघांनी सायकल धरावी. उमटलेल्या ठशाचे चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. मग मागचे चाक वजनकाट्यावर आणि पुढचे तितक्याच उंचीच्या फळीवर ठेवून मागच्या चाकावरचे ओझे मोजा. ४० पौंड हवा आणि ४५ किलो ओझे असेल, तर ठसा सुमारे १६ चौरस सेंटिमीटरचा यावा. उत्तर नेमके जुळणार नाही. ते का जुळत नाही, यावर वर्गात जी चर्चा होईल, ती जुळलेल्या उत्तराहून मोलाची ठरेल. मग दोन मुले बसवा, हवा कमी करा आणि ठसा कसा बदलतो ते पाहा.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. पंक्चरच्या दुकानात टाकून दिलेल्या टायरांचा ढीग असतो. दुकानदाराची परवानगी घेऊन तो पाहा. मध्ये झिजलेला टायर जास्त हवेचा, दोन्ही कडांना झिजलेला कमी हवेचा, हा ढोबळ नियम. प्रत्येक टायर आपल्या आयुष्याची हकिगत अंगावर लिहून ठेवतो. वाचता मात्र आली पाहिजे.

आणि तिसरे काम घरी करायचे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली असेल. तिच्या पुस्तिकेतले किंवा दारावरचे आकडे एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: पुढे किती, मागे रिकामी असताना किती, मागे भरलेली असताना किती. ते कार्ड चालकासमोर लावा. वडीलधारे हसतील कदाचित. हसू द्या. गाडी माल भरून निघताना त्यांची नजर एकदा त्या कार्डावर गेली, तरी तुमच्या भौतिकशास्त्राचे चीज झाले.

माझ्या त्या विद्यार्थ्याने तसे कार्ड लावले आहे. परवा तो फाटकासमोरच्या दुकानात थांबला होता. गाडी भरलेली होती. पोऱ्याने सवयीप्रमाणे विचारले, "किती भरू?" तो खाली उतरला, मागच्या चाकापाशी गेला आणि म्हणाला, "थांब. आज साठ क्रेट आहेत."

मी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. एस.टी. उशिरा आली, पण त्या दिवशी मला त्याचे काही वाटले नाही.